श्रमदान की वेठ?

गावाचा विकास करायचा तर गावाच्या संस्कृतीला धरून करा, लोकांना विचारून करा, बाहेरून लादू नका, असं आता सगळेच म्हणतात. सरकारी योजनेच्या पुस्तिकेत हे छापलेलं असतं. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या अहवालात असतं. शिबिरात बौद्धिक घ्यायला येणारे प्राध्यापकही हेच सांगतात. ऐकायला बरं वाटतं. गरीब देशांवर धरणं, कारखाने, कर्जं वरून लादली गेली आणि त्यात गरीबच भरडला गेला, हे खरंच आहे. म्हणून 'स्थानिक संस्कृती' हा शब्द आला की आपली पोरंही मान डोलावतात.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो. शाळा दहावीत सुटली. जे काही वाचलं ते पाळीच्या मागंपुढं, वाचनालयातून पुस्तकं आणून. अर्थशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. पण इतिहास वाचताना एक प्रश्न मला सोडत नाही, तो तुमच्यापुढं ठेवतो. गावाला विचारायचं म्हणजे नक्की कुणाला विचारायचं? वाड्यावर बसलेला पाटीलही गाव आणि गावकुसाबाहेर बसलेली माझी पणजीही गाव? दोघांची संस्कृती एकच होती का? विकासाला नीती हवी म्हणतो, तर ती ह्या दोघांपैकी कुणाच्या अनुभवातून काढायची?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गावाच्या चालीरीतींचं ओझं ज्याच्या डोक्यावर पडलं, त्याला पहिल्यांदा विचारा. त्याचं उत्तर गावाला पसंत नसलं तरी विचारा. विकासाची नीती तिथनं सुरू होते. हे मी रागानं बोलत नाही. गेल्या शंभर वर्षांचा हिशेब तसं सांगतो. तो मांडतो, तुम्ही तपासून बघा.

१

जुन्या गावाला अर्थव्यवस्था नव्हती असं नाही. बलुतेदारी हीच अर्थव्यवस्था होती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार ह्यांनी वर्षभर काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा. पुस्तकात वाचलं तर हे मोठं समंजस वाटतं. पैशाची हाव नाही, सगळे एकमेकाला धरून. इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्याच गावाला छोटं प्रजासत्ताक म्हटलं. पुढं आपल्या पुढाऱ्यांनी तोच शब्द उचलला.

खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला हे प्रजासत्ताक कसं दिसत होतं? महाराच्या कामाची यादीच नव्हती. चावडी झाडायची. सरकारी कागद पोचवायचा. वसुलाबरोबर तालुक्याला पायी जायचं. साहेबाचा मुक्काम पडला की घोड्याला गवत, चुलीला लाकडं. रात्री वेशीची राखण. गावात कुणी मेलं तर कोसाकोसावर सांगावा न्यायचा. मेलेलं ढोर ओढायचं. कामाला वेळ नाही, मोजमाप नाही, आणि 'नाही' म्हणायची सोय नाही. १८७४ सालच्या मुंबई इलाख्याच्या वतन कायद्यानं ह्या सगळ्याला सरकारी शिक्का मारला. काम सरकारचं, आणि मोबदला म्हणजे तुकडाभर वतनी जमीन अन् रयतेकडून मिळणारं बलुतं. रयतेची मर्जी फिरली की बलुतं बंद. म्हणजे नोकरी सरकारची, पोट मात्र रयतेच्या हातात.

माझा पणजा येसकर होता. त्याच्या घुंगराच्या काठीचा अभिमान आमच्या घरात अजून सांगितला जातो. 'आपलं वतन होतं' असं म्हातारी माणसं म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. हे मुद्दाम सांगतोय. संस्कृती नुसती वरच्यांच्या डोक्यात नसते, खालच्यांच्या डोक्यातही ती घर करते. हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्याला धरून आपलीच माणसं वतनाला चिकटली. बाबासाहेबांना वतनाविरुद्ध बोलताना सरकारशी, गावाशी आणि आपल्याच माणसांशी, असं तिहेरी भांडावं लागलं.

२

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद झाली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच परिषदेत मेलेलं ढोर ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा, असंही बाबासाहेबांनी सांगितलं. अर्थशास्त्राच्या दृष्टीनं ह्याकडं बघा. ढोर ओढलं की मांस मिळायचं, कातडं, शिंगं, हाडं मिळायची. म्हणजे आधीच उपाशी असलेल्या माणसानं हातातलं उत्पन्न सोडून द्यायचं!

कुणीतरी 'केसरी'त हिशेब छापला, की ढोरं ओढणं सोडल्यानं महारांचं वर्षाला एवढ्या एवढ्या रुपयांचं नुकसान होतंय. धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण सांगितली. त्यांचं उत्तर असं होतं, की एवढा फायदा असेल तर हा धंदा तुम्हीच करा, पाचशे रुपये मिळवा, वर मी माझ्या खिशातून पाचशे देतो. कुणी पुढं आलं नाही.

मित्रांनो, ह्या उत्तरात विकासाचं सगळं नीतिशास्त्र आहे असं मला वाटतं. ज्या उत्पन्नानं माणूस माणसातून उठतो ते उत्पन्न जमेच्या बाजूला मांडायचं का? हिशेब करणारा ढोराची हाडं मोजत होता. ते ओढणाऱ्याची पाठ त्याच्या वहीत कुठंच नव्हती. आजही दरडोई उत्पन्नाचा आकडा छापला जातो, तेव्हा गटारात उतरून मिळवलेला पैसा आणि टेबलावर बसून मिळवलेला पैसा एकाच बेरजेत जातो. महाडला जमलेल्या अडाणी माणसांना ह्यातला फरक कळला होता. त्यांनी नुकसान पत्करलं आणि माणूसपण घेतलं.

गावानं काय केलं? बहिष्कार घातला. वाण्यानं मीठ-मिरची बंद केली. कसायला दिलेली जमीन काढून घेतली. मजुरी बंद, वाट बंद. मुंबई सरकारनं १९२८ साली स्टार्ट कमिटी नेमली, तिच्यात बाबासाहेब सभासद होते. अस्पृश्य माणूस पोटासाठी गावावर अवलंबून आहे, म्हणूनच बहिष्काराचं हत्यार एवढं जालीम ठरतं, हे त्या कमिटीनं सरकारी कागदावर नोंदवलं. म्हणजे 'एकमेकांना धरून' राहणाऱ्या गावाचा खरा अर्थ कागदोपत्री आला. धरून होते खरे. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर होता. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावासा वाटला तो २०१६ साली. महाडनंतर ८९ वर्षांनी.

३

मग उपाय काय? गाव सोडा, शहरात चला, कारखान्यात चला. बाबासाहेबांचा रोख हाच होता. १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांनी निबंध लिहिला. नुसती जमिनीचे तुकडे जोडून शेती सुधारणार नाही, शेतीवर जादा माणसांचा भार आहे, तो उद्योगधंद्यांनी उचलला पाहिजे, असं त्यात मांडलं. मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. बलुत्याऐवजी रोख मोबदला ठरवा, आणि ज्याला चाकरी सोडायची असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवू द्या, हा त्याचा गाभा. विधेयक सिलेक्ट कमिटीत गेलं. तिथं त्याचे लचके तोडले गेले आणि १९२९ साली बाबासाहेबांनी ते मागं घेतलं.

पण कारखान्यात तरी सुटका झाली का? मी गिरणीतला माणूस, म्हणून ही गोष्ट मला जास्त लागते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला सूतकताईच्या खात्यात काम मिळायचं. विणकाम खात्यात नाही. पगार विणकामात जास्त. कारण काय? धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढावं लागायचं. एकाचं तोंड लागलेला धोटा दुसऱ्यानं कसा तोंडाला लावायचा? यंत्र मँचेस्टरचं, आणि त्याला विटाळ आपल्या गावाचा! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला, की विणकाम खातं अस्पृश्यांना उघडं करण्याची मागणी तुमच्या यादीत आहे का? आढेवेढे घेत ती घ्यावी लागली. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्यांना सहा महिन्यांच्या संपात मालक दिसत होता. शेजारच्या साच्यावर कुणाला उभं राहू दिलं जात नाही हे दिसत नव्हतं.

ह्यातून दोन्हीकडच्या लोकांना उत्तर मिळतं. यंत्र आलं की जात आपोआप जाईल म्हणणारे चुकले. गावाची संस्कृती जपली की माणुसकी जपली जाईल म्हणणारेही चुकले. संस्कृती यंत्राच्या भोकातूनही आत शिरते. तिला कुणीतरी अडवावं लागतं, आणि अडवायला माणसं आणि कायदा दोन्ही लागतात.

४

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाच्या कौतुकावर सरळ हल्ला केला. खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, अशा अर्थाचं ते बोलले. मसुद्यानं गावाऐवजी व्यक्तीला घटक मानलं ह्याचं त्यांनी समाधान व्यक्त केलं. सभागृहात बऱ्याच जणांना ते झोंबलं. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींचं कलम दुरुस्तीनं आलं, तेच आजचं कलम ४०. बाबासाहेबांनी ते स्वीकारलं. पण त्यांचा जुना सवाल उभाच राहिला. १९३२ साली मुंबई कौन्सिलात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी विचारलं होतं, की अस्पृश्यांना राखीव जागा न देता गावाच्या हातात सत्ता दिली तर ती कुणाच्या हातात जाईल? त्या सवालाला देशपातळीवर उत्तर मिळालं १९९३ साली, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा. मधली साठ वर्षं कुणाची गेली?

त्या साठ वर्षांतला महत्त्वाचा टप्पा म्हणजे २ ऑक्टोबर १९५२. त्या दिवशी देशात ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाली. तिच्याआधी १९४८ पासून उत्तर प्रदेशात इटावा इथं अल्बर्ट मेयर ह्या अमेरिकन माणसाच्या मार्गदर्शनाखाली प्रयोग झाला होता. अमेरिकन सरकारची आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती. त्या काळात आशिया-आफ्रिकेतले नव्यानं स्वतंत्र झालेले देश भारताच्या ह्या योजनेकडं बघत होते. एका योजनेत साधारण ३०० गावं. पाच-दहा गावांना एक ग्रामसेवक. तत्त्व असं, की गावाला काय हवं ते गावानं सांगायचं, सरकारनं थोडे पैसे घालायचे, आणि बाकीचं गावानं श्रमदानातून उभं करायचं. श्रमदानाची किंमत रुपयात काढून अहवालात लोकवर्गणी म्हणून छापली जायची.

तत्त्व वाईट नव्हतं. चूक एकाच शब्दात होती. 'सामुदायिक.' समुदाय आहेच असं त्यांनी धरून चाललं. ग्रामसेवक गावात आला की उतरणार कुठं? पाटलाच्या नाहीतर सरपंचाच्या ओसरीवर. गावाची गरज सांगणार कोण? ओसरीवर बसलेला. श्यामाचरण दुबे ह्या समाजशास्त्रज्ञानं उत्तर प्रदेशातल्या अशा गावांचा अभ्यास केला आणि १९५८ साली पुस्तक लिहिलं. त्यात श्रमदानाची गोष्ट आहे. वरच्या जातीचे, जमीनवाले लोक देखरेखीला उभे राहिले. माती उचलली खालच्यांनी. रस्ता झाला, पण रस्त्यावरून चालायला बैलगाडी होती जमीनवाल्याकडं. ज्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली त्याच्याकडं गाडी नव्हती. सुधारलेलं बियाणं, खत, सल्ला हेही ज्याच्याकडं आधीच होतं त्याच्याकडंच गेलं.

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? फुकटचं काम, गावाच्या नावानं, मोठ्यांच्या देखरेखीखाली, आणि नाही म्हणायची सोय नाही. आमच्या पणजानं हे काम ओळखलं असतं. तो ह्याला वेठ म्हणायचा. सरकारनं त्याला नवं नाव दिलं, श्रमदान. दान तो देतो ज्याच्याकडं काही शिल्लक असतं. ज्याच्याकडं रोजच्या मजुरीशिवाय काही नाही त्याच्याकडून घेतलेल्या दिवसाला दान म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे.

ह्याच काळात भूदानही चाललं होतं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबा गेले. तिथल्या दलितांनी पोटासाठी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी ह्या जमीनदारानं १०० एकर देऊ केली. त्या माणसाचा मोठेपणा मी नाकारत नाही. पण पुढं देशभर मिळालेल्या भूदानाच्या जमिनीपैकी बरीच नापीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. हक्क मागणाऱ्याच्या हातात दान पडलं. दानाला कोर्ट नसतं. दात्यानं हात आखडला तर घेणारा कुठं जाणार?

५

हे आपल्याकडंच झालं असं समजू नका. आफ्रिकेत टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे हे प्रामाणिक नेते होते. 'उजामा' म्हणजे कुटुंबभाव. आफ्रिकेचं जुनं गाव कुटुंबासारखं राहत होतं, त्याच पायावर समाजवाद उभा करू, असं त्यांचं स्वप्न. १९६७ साली आरुशा जाहीरनामा आला. त्याच वर्षी त्यांनी लिहून ठेवलं, की जुन्या समाजात एक खोट होती, बायकांना बरोबरीचं स्थान नव्हतं आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त राबत होत्या. आपल्या संस्कृतीचा एवढा अभिमान असून तिची खोट उघड सांगणारा नेता मला मोठा वाटतो. आपल्याकडं रामराज्याचं स्वप्न सांगणाऱ्यांनी शंबुकाचं नाव तरी घेतलं का?

पण पुढं काय झालं? सुरुवातीला उजामा गावं लोकांच्या मर्जीवर होती. १९७३ साली न्येरेरेंनी सांगितलं, आता गावात राहणं ही सक्ती, १९७६ च्या आत सगळ्यांनी जायचं. लाखो माणसं हलवली गेली. काही ठिकाणी जुन्या झोपड्या मोडल्या, जाळल्या. पाणी कुठं, जमीन कशी, पीक कुठलं येतं, हे ज्याला ठाऊक त्याला कुणी विचारलं नाही. आपल्याकडं पाटलाचा आवाज गावाचा आवाज ठरला. तिथं सरकारचा आवाज गावाचा आवाज ठरला. नुकसान दोन्हीकडं त्याच माणसाचं झालं.

६

मग आपल्या माणसांनी काय केलं? ती गप्प बसली नाहीत. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, १९५९ पासून अमलात. कायद्याच्या नावातच 'कनिष्ठ वतनं' असा शब्द. जमीन परत मिळवायची तर सरकारला रक्कम भरायची, आणि वर नवी शर्त, की परवानगीशिवाय ती विकता येणार नाही. तरी वेठ कायद्यानं संपली. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ ला तो देशभर पेटला. लाखो माणसं, बायाबापड्या, कडेवरच्या पोरांसकट तुरुंगात गेली. मागणी दान देण्याची नव्हती. पडीक सरकारी जमीन आणि गायरान कसणाऱ्याच्या नावावर करा, ही होती.

गायरान हा शब्द बघा. 'गावाची सामाईक जमीन', किती सुंदर कल्पना! पण ज्याच्याकडं गाई, त्याचं रान. ज्याच्याकडं ढोर नाही त्याला ह्या सामाईकपणात वाटा कसला? म्हणून आपल्या माणसांनी गायरान नांगरलं, मार खाल्ला, पिकं जाळून घेतली, पुन्हा नांगरलं. १९९१ साली महाराष्ट्र सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय काढला. आजही कितीतरी जणांच्या हातात सातबारा नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिला, त्यात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादाची जागा ठेवली. नोटीस घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य वाचून दाखवतो. दुसरं वाक्य आपल्याला वाचून दाखवावं लागतं. कार्यकर्त्यानं तो निकाल खिशात ठेवावा.

१९७२ च्या दुष्काळाचंही सांगतो. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. ती सांगते, कामावर पाण्याचे माठ वेगळे होते. दुष्काळ सगळ्यांना सारखा, तहान मात्र सारखी नाही. पण तीच आजी हेही सांगते, की आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी हातात मोजून पैसे पडले, आणि ते देणारा पाटील नव्हता. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे ह्यांनी मांडली. दुष्काळी कामांतून ती मोठी झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागण्याचा हक्क आणि कामाला मजुरी. श्रमदान आणि रोजगार हमी ह्यांच्यात माती तीच, पाटी तीच, रस्ताही तोच. फरक एवढाच की एकात माणूस गावाचा उपकार फेडत होता, दुसऱ्यात कायद्याकडून आपलं घेत होता. गावाची संस्कृती बदलण्याचं काम मला वाटतं त्या शनिवारच्या पगारानं जास्त केलं.

७

ह्यावरून मी संस्कृतीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. आपलीही स्थानिक संस्कृती आहे. वस्तीतला विहार, चौदा एप्रिलची वर्गणी, रात्रीची शाहिरी, वाचनालयाचं पत्र्याचं कपाट, ही कुणी वरून दिलेली नाहीत. १९४५ ला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९५० ला औरंगाबादला म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला कॉलेज सुरू झालं, तेच मिलिंद. मराठवाड्यातली किती खेडी त्यामुळं बदलली! १९५६ नंतर आपल्या घरांनी जुने देव काढले, त्यांच्या नावानं होणारा खर्च थांबवला. पोराला शाळेत घालणं हा धर्म झाला. ही संस्कृती माणसं एकमेकांना बरोबरीनं धरतात तेव्हा उभी राहते. विकासाला असली संस्कृती आडवी येत नाही. तीच त्याचा पाया होते.

पण जी कसोटी गावाला लावली ती वस्तीलाही लावा. न्येरेरेंनी सांगितलेली खोट आपल्यातही आहे. वस्तीच्या बैठकीत सतरंजीवर पुढं कोण बसतं? नळाच्या रांगेत पहाटे कोण उभं असतं? आणि वस्तीच्या मागण्यांचा कागद लिहिताना त्या बाईला कुणी विचारतं का? आपल्यातल्याच ज्यांना आपण खालचे समजतो त्यांचं घर बैठकीच्या बाहेर राहतं का? ओसरीवर बसलेला माणूस आपल्या जातीचा असला म्हणून ओसरी बदलत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेला जाताना हे प्रश्न वहीत लिहून न्या. रस्ता कुणाच्या शेतापर्यंत जातोय? विहीर, टाकी, नळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे? फुकट काम कुणाकडून घेतलं जाणार आणि देखरेख कोण करणार? गायरानाचं काय ठरतंय, आणि ठरावावर आपल्यापैकी कुणाची सही आहे? वस्तीतल्या किती बायका सभेला हजर आहेत? 'गावाची हीच रीत आहे' असं कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारा, ही रीत चालवायचा खर्च आजवर कुणी भरला?

उत्तर मिळालं नाही तर ते इतिवृत्तात लिहायला लावा. ग्रामपंचायत अधिकारी नाही लिहीत म्हणाला तर आपल्या वहीत लिहा, खाली दहा जणांच्या सह्या घ्या आणि पंचायत समितीत पोच घेऊन द्या. पोचेचा कागद जपून ठेवा. आपल्या पणज्यांच्या कामाचा हिशेब कुणी ठेवला नाही. आपला आपण ठेवायचा.

जयभीम.